मिगच्या धावपट्टीवरून बंगळूरूला

गेल्या एप्रिलच्या अखेरीस आत्याला बंगळूरूच्या विमानात बसवून देण्यासाठी मी नाशिकजवळच्या ओझरच्या विमानतळावर गेले होते. आत्याचे गाव दिंडोरी तालुक्यात, वणीच्या अलीकडे आहे. तिचा थोरला मुलगा द्राक्षबाग पाहतो आणि धाकटा बारा वर्षांपासून बंगळूरूला नोकरी करतो. बागेतला माल निघाला, खरड छाटणी उरकली, छाटणीच्या मजुरांचा हिशेब मिटला, तेव्हा कुठे आत्या घराबाहेर पडायला राजी झाली. तिचे वय ७४ आणि हा तिचा पहिलाच विमानप्रवास. नागलीचे पापड, बेदाणे, घरचे लाल तिखट आणि उन्हाळ कांद्याची एक पिशवी असा सगळा संसार भरलेली मोठी बॅग काउंटरवर जमा झाली. पण हातातल्या कापडी पिशवीत, पानाच्या चंचीशेजारी, तिचा पितळी अडकित्ता तसाच राहिला. सुरक्षा तपासणीच्या यंत्रात तो दिसला. मी बाहेर काचेपाशी उभी होते. आत काय चालले आहे ते कळत नव्हते, फक्त आत्याचे हातवारे दिसत होते. थोड्या वेळाने गणवेशातली एक मुलगी दारापर्यंत आली आणि तो अडकित्ता माझ्या हातात देत म्हणाली, "ताई, हा आत नेता येत नाही. तुमच्याजवळ ठेवा, आजी परत आल्या की द्या."

मोठ्या शहराच्या विमानतळावर तो अडकित्ता एखाद्या डब्यात पडला असता आणि आत्या त्याच्या हळहळीतच बंगळूरूला पोहोचली असती, कारण तो तिच्या सासूचा होता. ओझरचे टर्मिनल लहान आहे, दारापासून तपासणीपर्यंतचे अंतर थोडे आहे, आणि आत काम करणारी निम्मी माणसे आसपासच्या गावांतली आहेत. घरी येताना गाडीत तो अडकित्ता माझ्या मांडीवर होता. ज्या धावपट्टीच्या आवाजात माझे बालपण गेले, तिचा आणि आमच्या माणसांचा संबंध नेमका कधी आणि कसा बदलला, हे त्या वाटेवर मनात घोळत होते. ते लिहून काढावे असे तेव्हापासून वाटत आहे.

आमच्याकडे जुनी माणसे अजूनही त्या जागेला विमानतळ म्हणत नाहीत, 'मिग' म्हणतात. "मिगला नोकरीला आहे", "मिगच्या गेटवर उतर", "ओझर मिग" ही रोजच्या बोलण्यातली वाक्ये आहेत. १९६२ च्या चीन युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि १९६३ मध्ये नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध निवडून आले. पुढच्याच वर्षी, १९६४ मध्ये, सोव्हिएत बनावटीची मिग-२१ विमाने देशात तयार करण्यासाठी ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला. सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी कामाची वाटणी होती. त्यामुळे निफाड तालुक्यातल्या बाजरी-कांद्याच्या गावाशेजारी तेलुगू, मल्याळी, पंजाबी आणि उडिया घरांची एक वसाहतच उभी राहिली. माझे वडील तिथे फिटर होते आणि माझा जन्म त्या टाऊनशिपमधला. शेजारच्या काकूंकडून मी इडली खायला शिकले आणि त्यांच्या मुली आमच्या आईकडून मांडे करायला शिकल्या.

त्या काळी विमान आमच्यासाठी प्रवासाचे साधन नव्हतेच. ते आवाजाचे नाव होते. शाळेत चाचणी उड्डाणाचा आवाज सुरू झाला की बाई वाक्याच्या मध्येच थांबत, खडू फळ्यावर टेकवून उभ्या राहत, आणि आवाज विरला की अडलेल्या शब्दापासून वाक्य पुढे नेत. आम्हांला त्यात काही विशेष वाटत नसे. बाहेरगावची पाहुणी मुले मात्र घाबरून बाकाखाली बसत. बाबा कामाबद्दल घरात एक अक्षर बोलत नसत. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की सायकल काढून जात आणि परतल्यावर हात रॉकेलने धुऊन मग साबण लावत. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला गेला, तो सोहळा त्यांनी दूरचित्रवाणीवर शेवटपर्यंत पाहिला. पडद्यावरच्या एका विमानाकडे बोट दाखवून "हे मूळचे बिस" (बिस हा मिग-२१ चाच एक प्रकार) एवढेच म्हणाले, आणि पंखाच्या मुळाशी असलेल्या अरुंद जागेत स्क्रू बसवताना मनगट कसे वळवावे लागे, ते हवेत हात फिरवून त्यांनी मला दाखवले. इतक्या वर्षांत ते मला पहिल्यांदाच दिसले.

मिग-२१ नंतर मिग-२७ आले. २००० सालच्या करारानुसार १४० सुखोई-३० विमाने देशात बांधायची ठरली, ती इथेच बांधली गेली. हवाई दलाचा दुरुस्ती डेपोही याच धावपट्टीच्या आधाराने काम करतो. १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेजसच्या नव्या आवृत्तीचे इथे जोडलेले पहिले विमान याच धावपट्टीवरून उडाले. हे सगळे मी अभिमानाने सांगते. पण त्याची किंमत कोणी दिली तेही त्याच दमात सांगायला हवे. धावपट्टीसाठी जमिनी गेल्या त्या ओझर-जानोरी परिसरातल्या शेतकऱ्यांच्या. आणि धोका त्यानंतरही आजूबाजूच्या शिवारांनीच वाटून घेतला. जून २०१८ मध्ये पिंपळगाव बसवंतजवळ वावी-ठुशीच्या शिवारात चाचणीवरचे सुखोई कोसळले. जून २०२४ मध्ये शिरसगावच्या शेतात दुसरे कोसळले. दोन्ही वेळा वैमानिक हवाई छत्रीने सुखरूप उतरले आणि गावातल्या कोणाचा जीव गेला नाही, ही फार मोठी गोष्ट आहे. शिरसगावच्या अपघातानंतर मी ओळखीच्या एका घरी गेले होते. तिथल्या वहिनींनी सांगितले की त्या दिवसापासून विमानाचा आवाज बदलला की त्या हातातले काम सोडून अंगणात येतात आणि मुले कुठे आहेत ते पाहतात. ज्यांनी साठ वर्षे हा आवाज सोसला, त्यांच्या मुलाबाळांना या धावपट्टीवरून प्रवासही करता यावा, ही मागणी मला केवळ सोयीची वाटत नाही. ती हक्काची आहे.

प्रवाशांसाठीचे टर्मिनल राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाने धावपट्टीच्या जानोरीकडच्या अंगाला बांधले आणि मार्च २०१४ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. इमारत देखणी होती, पण विमान नव्हते. आमच्या भागातले लोक रविवारी मुलांना घेऊन तिथपर्यंत जात, बाहेरून पाहत आणि परत येत. जवळजवळ पावणेचार वर्षे अशीच गेली. केंद्र सरकारची 'उडान' योजना आल्यावर २३ डिसेंबर २०१७ रोजी एअर डेक्कनचे छोटे विमान नाशिकहून मुंबईला गेले. त्यात जेमतेम अठरा माणसे बसत. त्यानंतरच्या काही वर्षांची उजळणी नाशिककरांना तोंडपाठ आहे: जून २०१८ मध्ये जेट एअरवेजचे दिल्ली, मग अलायन्स एअरचे हैदराबाद, २०१९ मध्ये ट्रूजेटचे अहमदाबाद, २०२० च्या अखेरीस स्पाइसजेट, जानेवारी २०२१ मध्ये स्टार एअरचे बेळगाव. यांतल्या बहुतेक सेवा आल्या, स्थिरावतील असे वाटेपर्यंत निघून गेल्या. जेट एअरवेज तर एप्रिल २०१९ मध्ये देशभरातच बंद पडली. मार्च २०२३ पासून इंडिगोने गोवा, अहमदाबाद आणि नागपूरसाठी उड्डाणे सुरू केली, पुढे हैदराबाद, इंदूर, बंगळूरू आणि दिल्ली जोडले गेले, आणि तेव्हापासून पहिल्यांदाच आमच्या विमानतळाला वेळापत्रकाचे स्वरूप आले.

या येण्याजाण्याची कारणे समजून घेतली पाहिजेत, कारण ती केवळ 'नाशिकला प्रवासी मिळत नाहीत' या एका वाक्यात संपत नाहीत. उडान योजनेत सुमारे तासाभराच्या प्रवासाला काही आसनांसाठी २५०० रुपयांची भाडेमर्यादा होती आणि कंपनीला होणारी तूट सरकार भरून देत असे; मात्र हे साहाय्य एका मार्गाला तीन वर्षांपुरतेच होते. मुदत संपली की हिशेब बदलतो आणि कंपनी विमान दुसऱ्या मार्गावर नेते. मुंबईच्या बाबतीत तर अडचण निराळीच होती. तिथल्या विमानतळावर उतरायला सकाळ-संध्याकाळची सोयीची वेळच मिळत नाही. दुपारी आडवेळी सुटणारे विमान ज्याला सकाळी दहाला मंत्रालयात किंवा न्यायालयात हजर राहायचे आहे, त्याच्या काय कामाचे? आणि तिसरे कारण इथल्या मातीतलेच आहे. धावपट्टी कारखान्याची आहे, हवाई नियंत्रणही त्यांच्याच हाती आहे, आणि लढाऊ विमानांची चाचणी उड्डाणे ज्या वेळी असतात त्या वेळेत प्रवासी विमानाला जागा काढून द्यावी लागते. यात कोणाचा दोष नाही. धावपट्टी एक आणि तिच्यावर हक्क सांगणारी कामे अनेक, अशी ती स्थिती आहे.

या अस्थिरतेचा चटका आम्हांला स्वतःला बसला आहे. काही वर्षांपूर्वी बाबांच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी हैदराबादची तारीख मिळाली होती. बाबांना ओझरहूनच जायचे होते. ज्या धावपट्टीवर आयुष्य घालवले, तिच्यावरून एकदा तरी स्वतः उडायचे, एवढीच त्यांची इच्छा होती. तिकिटे काढली, बॅगा भरल्या, आणि आदल्या रात्री साडेनऊला उड्डाण रद्द झाल्याचा संदेश आला. पैसे परत मिळाले, कारण मात्र शेवटपर्यंत कळले नाही. पहाटे तीनला भाड्याची गाडी करून आम्ही कसारा घाट उतरलो, भिवंडीच्या कोंडीत दीड तास अडकलो आणि मुंबईचे विमान धावतपळत गाठले. शस्त्रक्रिया नीट झाली. पण त्यानंतर दोन वर्षे आमच्या घरात कोणी ओझरचे तिकीट काढले नाही. "नको, मुंबईच बरी" हे वाक्य मी माझ्याच तोंडून कितीदा तरी ऐकले.

मला वाटते, या सगळ्या विषयाचे मर्म या वाक्यात आहे. विमानतळाची चर्चा निघाली की नव्या शहरांची यादी मागितली जाते: कोलकाता हवे, चेन्नई हवे, दुबई हवे. मागणी गैर नाही. परंतु लग्नाची तारीख, परीक्षेचे केंद्र, केमोथेरपीचे वेळापत्रक, मुलीच्या बाळंतपणाचा महिना हे सगळे माणूस तीन-चार महिने आधी ठरवतो, आणि तेव्हा त्याला एकच गोष्ट माहीत असावी लागते की आज जे विमान ज्या वेळी सुटते, ते तेव्हाही त्याच वेळी सुटणार आहे. तेवढी खात्री असेल तर नाशिककर ओझरला येतात. बंगळूरू आणि दिल्लीच्या विमानात मी जी गर्दी पाहिली आहे ती काही आकाशातून पडलेली नाही. ती आधीही होती, फक्त घाट उतरून मुंबईला जात होती. एक सेवा बंद पडली की माणसे पुन्हा त्या सवयीकडे वळतात, आणि ओझरची सवय मोडायला महिना पुरतो तर विश्वास बसायला वर्षे लागतात. म्हणून चार नव्या शहरांऐवजी आहेत त्या उड्डाणांची वेळ दोन-तीन वर्षे न बदलता टिकवणे, हे मी आज अधिक मोलाचे मानते.

आत्याला सोडायला गेले त्या दिवशी टर्मिनलबाहेरच्या बाकावर मी तासभर बसले होते, कारण विमान उडेपर्यंत निघवत नव्हते. तेवढ्यात जी माणसे पाहिली, त्यांत जवळजवळ सगळा जिल्हा होता. बंगळूरूहून आलेल्या विमानातून दोन कुटुंबे उतरली, तेलुगूत बोलत होती. त्यांना आधी त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळीच्या पूजेला आणि मग शिर्डीला जायचे होते. शिर्डीचा स्वतःचा विमानतळ कोपरगाव तालुक्यातल्या काकडीला १ ऑक्टोबर २०१७ पासून आहे, तरी ज्यांचे मुख्य काम त्र्यंबकला असते त्यांना ओझरच सोयीचे पडते, आणि पुष्कळ जण एका ठिकाणी उतरून दुसरीकडून परत जातात. त्यांच्यामागून केस बारीक कापलेले चार तरुण आले, पाठीवर हिरव्या पिशव्या. देवळालीचे तोफखान्याचे विद्यालय आणि नाशिकरोडचे तोफखाना केंद्र यांमुळे सैनिक आणि त्यांची घरची माणसे वर्षभर ये-जा करतात. (गांधीनगरच्या जुन्या धावपट्टीवर लष्कराचे हेलिकॉप्टर प्रशिक्षण चालते, त्यामुळे तिथून नागरी विमान सुटण्याचा प्रश्न नाही, हे दरवेळी कोणालातरी समजावून सांगावे लागते.) सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीतले दोन गृहस्थ सुट्ट्या भागांचे नमुने भरलेले खोके हाताशी घेऊन उभे होते. आणि मालेगावहून आलेले एक वयस्क चाचा होते. यंत्रमागाच्या धंद्यातले. मुलाला सोडायला आले होते. मालेगाव, देवळा, सटाणा, चांदवड या बाजूच्या लोकांना ओझर हे नाशिक शहरापेक्षाही जवळ पडते, ही गोष्ट शहरातले आम्ही अनेकदा विसरतो. जिल्ह्यात १५ तालुके आहेत आणि विमानतळ केवळ शहरातल्या कॉलेज रोड-गंगापूर रोडचा नाही.

शेतमालाबद्दल मात्र मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण विमानतळ झाला म्हणजे द्राक्षे विमानाने युरोपला जातील, ही कल्पना गेली कित्येक वर्षे भाषणांतून ऐकू येते आणि बागाईतदार ती ऐकून गप्प बसतात. माझ्या आत्येभावाने मला त्याचे गणित बांधावर उभे राहून समजावले. निर्यातीचा घड काढल्यावर त्याची निवड होते, तो प्लास्टिकच्या छोट्या डब्यात भरून खोक्यात बसवतात, मग प्री-कूलिंगमध्ये त्याचे तापमान शून्याच्या जवळ आणतात आणि त्याच थंडाव्यात कंटेनर भरून न्हावाशेव्याला जातो. तिथून जहाज. एका कंटेनरमध्ये मावणारा माल टनावारी असतो, आणि किलोमागे जहाजाचे भाडे परवडते म्हणूनच नाशिकचे द्राक्ष तिथल्या बाजारात टिकते. प्रवासी विमानाच्या पोटात जागा मोजकी, भाडे कितीतरी पट. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली, प्रवासाचे दिवस वाढले, माल उशिरा पोहोचू लागला, तेव्हाही बागाईतदारांनी विमानाचा विचार केला नाही; घड अधिक दिवस कसा टिकेल याचाच विचार केला. कांद्याचे तर बोलायलाच नको. लासलगावचा कांदा रेल्वेने आणि ट्रकने जातो आणि तसाच जाईल.

मग विमानाने काय जावे? जे हलके आहे, महाग आहे आणि एका दिवसात शिळे होते ते. जानोरी आणि मोहाडी ही गावे धावपट्टीपासून हाकेच्या अंतरावर आहेत आणि तिथे पॉलिहाऊसमध्ये गुलाब होतो. सकाळी कळी अर्धवट उमलायच्या आत कापायची, पाण्याच्या बादलीत उभी करायची, वीस-वीस फुलांच्या जुड्या कागदात गुंडाळायच्या आणि संध्याकाळच्या गाडीने रवाना करायच्या, हे तिथले रोजचे काम आहे. त्या फुलाला दहा तास वाचले तर बाजारात त्याचा भाव बदलतो. लग्नसराईत आणि फेब्रुवारीत दिल्ली-हैदराबादच्या विमानात या जुड्यांसाठी ठरलेली जागा असावी, तिचे भाडे आधी माहीत असावे, एवढे झाले तरी त्या दोन गावांतल्या शे-दीडशे घरांना विमानतळ आपला वाटेल. मालवाहतुकीचा अनुभव ओझरला नाही असेही नाही. हिंदुस्थान एरोनॉटिक्स आणि कंटेनर कॉर्पोरेशन यांनी मिळून चालवलेले मालवाहतूक केंद्र इथे आहे, आणि याच धावपट्टीवरून शेळ्या-मेंढ्या विमानाने शारजाला गेल्या आहेत. त्या वेळी धनगरवाड्यांवरून जनावरे गोळा करणाऱ्या व्यापाऱ्यांना चांगला भाव मिळाल्याचे ऐकले होते. ती वाहतूक सलग का चालली नाही, याचा शोध कोणीतरी जबाबदारीने घ्यायला हवा.

आणखी एक वर्ग आहे, ज्याचे नाव विमानतळाच्या चर्चेत कधी निघत नाही. द्राक्षाच्या छाटणीला, डिपिंगला (घड संजीवकाच्या द्रावणात बुडवण्याला), विरळणीला सुरगाणा, पेठ आणि दिंडोरीच्या डोंगराळ पट्ट्यातून आदिवासी मजुरांच्या टोळ्या येतात. सुखोई सर्वांत जवळून पाहणारी माणसे तीच. भर दुपारी मांडवाखाली हात वर करून घड चाळताना डोक्यावरून विमान जाते आणि हात क्षणभर थांबतो. त्यांच्यापैकी कोणी विमानात बसेल तो दिवस लांब आहे. पण गेल्या काही वर्षांत त्यांच्या मुली नर्सिंग आणि आयटीआय शिकू लागल्या आहेत. टर्मिनलमध्ये, सामान चढवण्या-उतरवण्याच्या कामात, स्वच्छतेच्या आणि सुरक्षेच्या कामात जागा निघतात तेव्हा त्या नाशिक शहरातल्या ठेकेदाराच्या यादीपुरत्या न राहता या पट्ट्यातल्या आश्रमशाळांपर्यंत कळवल्या गेल्या पाहिजेत. अडकित्ता परत देणारी ती मुलगी कुठली, हे मी तिला विचारले होते. कळवण तालुक्यातली होती.

रस्त्याविषयी थोडक्यात. आग्रा रोडवर दहाव्या मैलापाशी वळले की जानोरीकडे जाणारी वाट टर्मिनलला पोहोचते. शहरापासून हे अंतर वीसेक किलोमीटर आहे. गाडी असेल तर काहीच नाही, पण नसेल तर विमानाच्या तिकिटाच्या मानाने टॅक्सीचे भाडे डोळ्यांत भरते. प्रत्येक विमानाच्या वेळेला जोडलेली, पिंपळगाव आणि नाशिक या दोन्ही बाजूंना जाणारी बस असावी. ती विमान उशिरा आले तर थांबावी, रिकामी असली तरी सुटावी. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, त्यामुळे कसारा घाट टळतो आणि मुंबई आणखी जवळ आली. नवी मुंबईचा विमानतळही २०२५ च्या डिसेंबरात सुरू झाला. म्हणजे "मुंबईच बरी" म्हणणे आता पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे. ओझरची सेवा अनिश्चित राहिली तर प्रवासी मुंबईकडे वळायला या दोन गोष्टी पुरेशा आहेत, ही चिंता मला खरोखर वाटते.

सिंहस्थ जवळ आला आहे. २०२७ मध्ये रामकुंडावर आणि त्र्यंबकला देशभरातून माणसे येतील, त्यासाठी टर्मिनल वाढवण्याचे आणि मुख्य धावपट्टीला समांतर दुसरी धावपट्टी बांधण्याचे ठरले आहे. दुसरी धावपट्टी झाली तर कारखान्याच्या चाचण्या आणि प्रवासी विमाने एकमेकांची वाट अडवणार नाहीत, म्हणून मी तिच्याकडे आशेने पाहते. सिंहस्थाच्या महिन्यांत विमाने वाढतील हे नक्की. माझे डोळे त्यानंतरच्या पौष महिन्याकडे लागले आहेत. पर्वणी संपलेली असेल, साधुग्राम उठलेले असेल, पाहुणे गेलेले असतील, बागेत मणी भरू लागलेले असतील, तेव्हा सकाळच्या विमानाची वेळ तीच राहिली आहे का, हे मी स्वतः पाहणार आहे. टर्मिनलमध्ये किंवा संकेतस्थळावर पुढच्या वर्षभराचे वेळापत्रक जाहीर करण्याचे बंधन कंपन्यांवर असावे, आणि मार्ग बंद करायचा असेल तर किमान तीन महिने आधी सांगण्याचे बंधन असावे, असे निवेदन आम्ही टाऊनशिपमधली काही जुनी माणसे मिळून तयार करत आहोत. पहिली सही बाबांनी केली. हात कापतो, पण सही जुनीच आहे, हजेरीपटावरची.

आत्या मृगाच्या आधी परत आली. विमान वेळेवर उतरले. धाकट्या मुलाने दिलेल्या नव्या चपला तिने पिशवीत ठेवल्या होत्या आणि पायांत जुन्याच होत्या. तिने आधी अडकित्ता मागितला. तो मी रुमालात बांधून आणला होता. दारातच उभी राहून तिने सुपारी कातरली, मला दिली, आणि उतरताना खिडकीतून काय दिसले ते सांगू लागली: सगळीकडे शेततळी चकाकत होती, एवढी शेततळी आपल्याकडे आहेत हे तिला ठाऊकच नव्हते, आणि बागांच्या ओळी वरून वहीच्या रेघांसारख्या दिसत होत्या, आपली बाग कोणती ते मात्र ओळखता आले नाही. गाडीत बसल्यावर तिने विचारले, "पुढल्या साली छाटणी झाली की हेच विमान असंल ना गं?"

मी तिला म्हटले, की जानेवारीत तिकीट काढायच्या आधी मी बघून सांगते.